तीन शहरांची दाटी

लॉस एंजेलिस न्यूयॉर्कपेक्षा दाट आहे. दोन्ही शहरांची सलग पसरलेली वस्ती उपनगरांसकट मोजली आणि एकूण माणसांना एकूण भूमीने भागले, तर एका चौरस मैलात लॉस एंजेलिसच्या वाट्याला अधिक माणसे येतात.

डिसेंबरचे अपराह्ण होते. उत्तरेच्या पर्वतरांगेवरचे ऊन आधी केशरी झाले, मग जांभळे, मग राखी. ताडांचे कृश, उत्तुंग, निश्चल स्तंभ आकाशाला टेकले होते. त्यांच्या माथ्यावर अजून प्रकाश होता, पायाशी नव्हता. खाली फुटपाथ रुंद होता, स्वच्छ होता, निर्मनुष्य होता. दूर कुठेतरी महामार्गाचा अखंड, अनाम, समुद्रसदृश घोष चालू होता.

त्या फुटपाथाकडे तोंड करून, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, त्रिशलाबाई शिरगुप्पे एकट्या जेवत होत्या. जयसिंगपूरच्या महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले होते. दिवस बुडण्याआधी ताट उचलायचे, हा त्यांच्या जैन घराचा नेम. तो त्या श्रद्धेने नव्हे, सवयीने पाळत. आणि सवय श्रद्धेपेक्षा चिवट असते, असे त्यांचे निरीक्षण होते. भाकरी, मटकीची उसळ, दही. समोरची खुर्ची रिकामी. समोरचा रस्ता रिकामा. रस्त्यापलीकडचे हिरवळीचे चौकोन, पाणी पिऊन तृप्त आणि रिकामे.

हे शहर ओसाड आहे, असे त्यांना वाटे. ते ओसाड नाही, हे त्यांना ठाऊक होते. या दोन वाक्यांच्या मध्ये त्यांचा डिसेंबर सरत होता.

निर्णय त्यांना द्यायचा होता. यजमान गेले, जयसिंगपूरच्या घरात आता पुतण्याचा संसार नांदत होता. मुलगा सन्मती इथे, मुलगी चंदना न्यूयॉर्कला. उरलेले आयुष्य कोणाच्या शहरात ठेवायचे, ते नव्या वर्षाआधी सांगायचे होते. आणि एकदा मुळे रोवल्यावर, या वयाचे झाड पुन्हा उपटत नाहीत.

सन्मती विचारत नव्हता. त्याने फक्त अंगणातली हिरवळ खणून काढली होती आणि तिथे याच प्रदेशाचे रानगवत लावले होते, ताठ, धूसर, चवरीसारख्या तुऱ्यांचे. ‘हे तुझ्या ओळखीतलं नाही, आई,’ तो म्हणाला होता. ‘म्हणून लावलं. ओळखीचं असतं तर चार दिवसांत कंटाळली असतीस.’

न्यूयॉर्क त्यांनी जूनमध्ये पाहिले होते. काय ती दाटी, सघन, सघोष, सुवर्णवर्ण. विटांच्या तांबड्या भिंतींवर सायंकाळ रेंगाळायची, लोखंडी जिन्यांवर रेंगाळायची, पोरांच्या चेंडूवर रेंगाळायची, आणि जायचे नाव घ्यायची नाही. क्वीन्समधल्या त्या चौथ्या मजल्यावर खिडकीतून वरच्याचे भांडण ऐकू यायचे आणि खालच्याचे गाणे. चंदना ताटावरून हात नाचवत ऑफिसमधल्या साहेबिणीची नक्कल करायची, आणि त्रिशलाबाई म्हणायच्या, ‘जेव आधी. भाकरीला नाटक कळत नाही.’ हजारो खिडक्या, हजारो आयुष्ये, आणि प्रत्येक खिडकी जणू त्यांच्याच घरात उघडत होती.

शिकागो सप्टेंबरच्या अखेरीस. चंदनाच्या कामानिमित्त एक आठवडा, एका शांत वस्तीतले भाड्याचे घर. तिथे सरोवर होते, समुद्राचा आव आणणारे, पोलादी, निर्लवण. आणि नगर त्याच्या काठाशी येऊन वाक्य मध्येच तुटावे तसे तुटत होते. तिथले काम लवकर आटपून चंदना यायची, तरी संध्याकाळी मायलेकींची जेवताना थोडी घाई व्हायची. शहर भरलेले वाटले, पण काठोकाठ नव्हे.

आणि आता लॉस एंजेलिस. डिसेंबर. निर्जन.

त्यांना कारण हवे होते. ‘मला असं वाटतं’ हे वाक्य त्यांनी विद्यार्थ्यांना कधी खपवून घेतले नव्हते. ते त्यांनी स्वतःलाही खपवून घेतले नाही.

गवत त्यांच्या हाडीमांसी होते. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सड्यांवर, त्या जांभ्या दगडाच्या वाऱ्याने घासलेल्या सपाट पठारांवर, त्या लाकडी चौकट टाकत फिरल्या होत्या. चौकटीत येतील ती रोपे मोजायची, पुन्हा चौकट टाकायची, सरासरी काढायची. पण सरासरी ही चौकटीची असते, गवताची नसते. एका सड्यावर गवत सारखे पसरलेले, दुसऱ्यावर झुपक्याझुपक्यांनी दाटलेले, मध्ये नुसता उघडा कातळ. चौकट दोघांना एकच आकडा देते. गवताला विचारले, की तुझ्या अंगाला किती शेजारी लागतात, तर झुपक्यातले गवत म्हणेल, श्वास घ्यायला जागा नाही.

न्यूयॉर्क हा झुपका. मध्ये माणसांचे घनदाट बेट, आणि त्याभोवती मैलोगणती विरळ, वृक्षच्छाय, श्रीमंत उपनगरे, जी सरासरीला खाली ओढतात. लॉस एंजेलिस हे सारखे पसरलेले गवत: ना फार दाट, ना फार विरळ, डोंगरापासून समुद्रापर्यंत एकसारखे, एकसुरी. चौकट म्हणते, लॉस एंजेलिस दाट. माणूस म्हणतो, न्यूयॉर्क.

हे स्पष्टीकरण सुबक होते. त्रिशलाबाईंना सुबक स्पष्टीकरणांचा संशय येई. त्यांनी शिकागो त्यात बसवून पाहिले, आणि शिकागो बसेना. माणसागणिक शेजारी मोजण्याच्या या मापानेही शिकागो लॉस एंजेलिसच्या खालीच येत होते. त्यांच्या मनात ते वर होते. तीन नगरांपैकी दोन बसतात, एक बसत नाही. दोन बसली म्हणून तिसऱ्याकडे डोळेझाक करणाऱ्यांना त्या नापास करत आल्या होत्या.

तरी मन आपला निर्णय घेऊन मोकळे झाले होते. मन न्यूयॉर्कला निघाले होते. रविवारी जेवताना सन्मतीला सांगायचे, असे त्यांनी ठरवले. आणि त्या रानगवताकडे पाहणे टाळले.

रविवार आला, निळा, निरभ्र, किंचित गार. सन्मती घरी होता. चारच्या सुमारास तो स्वतःच ताटे घेऊन बसला, गुडघा मोडून खुर्चीवर, लहानपणी पाटावर बसायचा तसा.

‘ही भाकरी का अमेरिकेचा नकाशा, आई?’

‘पीठ तुमच्या देशाचं. आकारही त्याचाच घेणार.’

‘फ्लोरिडा मी खातो. तू टेक्सास घे, तुला जड जायचं नाही.’

त्या हसल्या. आणि हसता हसता त्यांचे खिडकीबाहेर लक्ष गेले. शेजारचा वृद्ध काठीच्या टोकाने तेंदूफळासारखी नारिंगी फळे झाडावरून उतरवत होता, आणि खाली झेलणाऱ्या बायकोवर चिडत होता. कुठेतरी कुत्रे भुंकले; कुठेतरी पियानोवर तोच तोच चुकणारा स्वर; सायकलीची घंटा; कुणाच्या तरी चुलीवर तळणाऱ्या मिरचीचा ठसका. टेकडीच्या उतारावर एक दिवा लागला, मग दहा, मग अगणित. नगर काठोकाठ भरले होते. सघन, सघोष, सुवर्णवर्ण.

त्रिशलाबाईंचा हात घासावर थांबला. घर तेच. खिडकी तीच. चौरस मैलातली माणसे शनिवारी होती तेवढीच. मग बदलले काय?

सांगायचे ठरवले होते, ते त्यांनी सांगितले नाही. पुरावा अपुरा होता.

सोमवारी पुन्हा राखी उतरण, पुन्हा निश्चल ताड, पुन्हा रुंद, स्वच्छ, निर्मनुष्य फुटपाथ. वृद्ध आजही झाडाखाली होता, बायको आजही झेलत होती, पियानो आजही त्याच जागी चुकत होता. त्यांनी मुद्दाम कान देऊन ऐकले. सारे होते. तरीही नगर रिकामे होते. ताटात वाफ होती, आणि वाफेपलीकडे खुर्ची.

तेव्हा त्यांनी चंदनाला फोन लावला. न्यूयॉर्कला आठ वाजायला आले होते.

‘आत्ताच शिरले बघ घरात,’ चंदना म्हणाली. चावीचा आवाज आला, पिशवी ठेवल्याचा. ‘ठरलं का तुझं? दादाला वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस. त्याला मी समजावते.’

‘तुझ्याकडे आज दिवस कधी बुडाला?’

‘म्हणजे?’

‘सूर्य गं. मावळला कधी?’

‘मला काय माहीत. साडेचारला अंधार होता. मी मीटिंगमध्ये होते.’

‘आणि रोज घरी येतेस ते ह्याच वेळेला.’

‘हो. का गं?’

पलीकडच्या खिडकीत केव्हाची रात्र, अलीकडच्या खिडकीत शेवटचा उजेड. दोन महासागरांच्या मधली सारी भूमी त्या दोन खिडक्यांत मावली.

‘काही नाही,’ त्रिशलाबाई म्हणाल्या. ‘जेव आधी.’

खिडकीत काळोख भरत आला. त्यांनी दिवा लावला नाही. त्यांना एक जुना भाद्रपद आठवला, फुलांनी जांभळा झालेला सडा, आणि एक हुशार विद्यार्थिनी, जिने एका पठाराची मोजणी भाद्रपदात केली, दुसऱ्याची वैशाखात, आणि निष्कर्ष काढला की दुसरे पठार उजाड आहे. तिला त्या साऱ्या वर्गासमोर म्हणाल्या होत्या, बाई गं, तू पठारे नाही मोजलीस, तू महिने मोजलेस.

सन्मती आला तेव्हा आकाश पूर्ण विझले होते. त्याने चपला काढल्या, नळाखाली हात धुतले, झाकलेले ताट उघडले. आई समोर बसली. तिचे ताट नव्हते, बसणे होते.

‘काय ठरवलंस?’ त्याने भाकरीकडे पाहत विचारले. आज पहिल्यांदाच विचारले.

‘ठरवलं होतं. ते चूक निघालं.’

‘म्हणजे राहतेस?’

‘म्हणजे जूनपर्यंत राहते. जूनमध्ये इथेही दिवस आठला बुडतो. तेव्हा तुझं शहर मोजेन. आत्ता मोजलं तर तुझ्यावर अन्याय होईल.’

त्याने भाकरी मोडली. मग म्हणाला, ‘मी लवकर निघत जाईन.’

‘रस्ता सोडेल तुला?’

‘नाही सोडणार,’ तो म्हणाला, आणि खोटे बोलला नाही, म्हणून तिला बरे वाटले. ‘पण रविवार माझा. आणि रस्त्यात अडकलो की फोन करेन. तू जेवत असशील, मी थांबलेला असेन. बोलू.’

दुसऱ्या दिवशी दुपार ढळताना त्यांनी ताट वाढले आणि फोन ताटाशेजारी उभा केला. सन्मतीचा आवाज इंजिनांच्या गुणगुणीतून आला. ‘आज किती भाकऱ्या?’ तो म्हणाला. आणि मग, ‘समोर सगळे लाल दिवे आहेत, आई. क्षितिजापर्यंत.’ त्रिशलाबाईंनी डोळ्यांसमोर ती नदी आणली: रक्तवर्ण, मंदगती, लक्षदीप, काचेच्या एकेका पेटीत एकेक माणूस, दाटीत दाटलेला, एकटा. त्या नदीपेक्षा सूर्य वेगाने जात होता.

नगराच्या विस्तारात कारण नव्हते. नगराच्या दाटीत कारण नव्हते. जूनमध्ये लेक आधी घरी येई आणि सूर्य नंतर जाई. सप्टेंबरात दोघांची वेळ जेमतेम जुळे. डिसेंबरात सूर्य आधी जातो, मुलगा नंतर येतो, आणि त्या दोहोंच्या मधल्या वेळात एक बाई एकटी जेवते.