होड्या ओढणारा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर बघायला आम्ही तिघं निघालो आणि चौथा नारळ. तो तुषारने आदल्या दिवशीच बाजारातून आणून ठेवला होता. तुषार माझा दीर. वस्तू बघायला निघाला की ती घेतलीच असं धरून चालणारा माणूस. हा मुलगी बघायलाही खिशात अक्षता घालून जाईल, असं मी म्हटलं तेव्हा माझा नवरा सुनिल हसला. मग मात्र डहाणू ते झाई एसटीत सुनिल खिडकीबाहेर बघत बसला.

सायवनला आमची निलगिरी आहे. जमीन रस्त्यापासून खाली ओहोळापर्यंत अशी उतरते की बैल तिथे पाय ठेवत नाही. झाडं झकास वाढली, पण व्यापारी लाकूड घेतो ते रस्त्यावर. खालून वर आणायचं कोणी? पहिल्या तोडीला गडी वरून दोर ओढायचे आणि एक जण ओंडक्याच्या खालच्या अंगाला राहून दर ओढीला त्यामागे दगड लावायचा, म्हणजे ओंडका परत घसरू नये. तो एक जण सुनिल. एकदा दोर तुटला, दगड निसटला आणि त्याचा पाय गुडघ्याखाली चेचला. पाय वाचला, पण वाकडा राहिला. तेव्हापासून तो अंगणात त्या उताराकडे पाठ करून बसतो. मला त्या ओंडक्याचा राग आहे, दोराचा आहे आणि सुनिलचाही आहे, कारण त्या दिवशी तो हसत हसत खाली गेला होता.

उरलेली झाडं आता तोडीला आली होती. पाड्यावरचे म्हणाले, दगड लावायला रोजाने माणूस घ्या. म्हणजे दुसरीच्या नवऱ्याला मी तिथे उभं करायचं? मी सांगून टाकलं, खाली माणूस लागणार असेल तर झाडं तशीच वाढू देत, आभाळाला टेकली तरी चालतील. अशात कळलं की झाईच्या रामनाथभाईंना जुना ट्रॅक्टर विकायचा आहे, मागे विंच बसवलेला. विंच म्हणजे लोखंडी दोर गुंडाळणारा ढोल. त्यावर ते होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायचे.

रामनाथभाई माणूस मोकळा. आम्हाला आधी चहा, मग चिकू, मग ट्रॅक्टर. खाऱ्या हवेने रंग पार उडाला होता, पण इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

"बेन, एकदम कडक मशीन. भरलेली होडी ओढते," ते म्हणाले.

एवढं ऐकलं आणि तुषारने पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. मी 'थांब' म्हणेपर्यंत पाणी वाहून गेलं होतं. रामनाथभाईंनी हात जोडले, जमलेल्या पोरांना खोबरं वाटलं. आमच्याकडे काय नि झाईत काय, नारळ फुटला की सौदा झाला.

"ओढतं ते ऐकलं," मी म्हटलं. "आता धरतं का ते बघू."

कोणाला कळलंच नाही. मग मी बंदरावरचा होड्या उतरवायचा सिमेंटचा उतार दाखवला. सुरूचा एक जाड ओंडका दोराला बांधून घेतला आणि ट्रॅक्टर वर लावायला सांगितला. ओंडका सरसर निम्म्यावर आला.

"थांबवा. ब्रेक लावा. आता इंजिन बंद करा."

रामनाथभाईंनी विंचच्या ब्रेकचा दांडा ओढला, चावी फिरवली. ओंडका क्षणभर थांबला आणि मग ढोल उलटा फिरवत थेट चिखलात गेला. रामनाथभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी फसवलं नव्हतं, हे त्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"इतक्या वर्षांत होडी कधी मागे गेली नाय, बेन."

"तुमच्या होडीला रेती धरून ठेवते, भाई. आमचा डोंगर नाय धरत."

तुषार माझ्या कानाशी आला. "वैनी, नारळ फुटलाय. आता नाय म्हणणं बरं दिसत नाय."

"नारळ देवाला फोडला, ब्रेकला नाय."

तेवढ्यात सुनिल बोलला. सकाळपासून पहिल्यांदाच. "घेऊया. मागे दगड लावू. मी लावीन."

मग माझ्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. सगळ्या बंदरासमोर मी त्याला विचारलं, एक पाय दिलास तो कमी पडला का? दुसरा कशाला ठेवलास, नाचायला? बोलून झाल्यावर मलाच रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

डोळे पुसून रामनाथभाईंना म्हटलं, "ब्रेकचा पट्टा नवा घाला. ट्रॅक्टर सायवनला आणा. माझ्या उतारावर इंजिन बंद करून ओंडका थांबला तर घेते. नाय थांबला तर नारळाची भरपाई म्हणून जेवून जा."

ते हसले. आठवड्याने पट्टा बदलून स्वतः चालवत घेऊन आले.

आम्ही खाली एक निलगिरी तोडून ठेवली होती. ट्रॅक्टर रस्त्यावर उभा केला, दोर खाली सोडला. तुषारने ओंडक्याला साखळी बांधली आणि वर येऊन ऐटीत दांड्याजवळ उभा राहिला. एवढी वर्षं लोकांचे ट्रॅक्टर चालवतोय, हे काम त्याचंच असं सगळ्यांनी धरलं होतं.

"तू सर," मी म्हटलं. "सुनिल, तू ये."

"मी?" सुनिल म्हणाला. "माझा पाय..."

"दांडा हाताने ओढायचाय."

तो लंगडत आला. आधी तळवे पँटला पुसले, मग दांडा धरला. ओंडका दगडगोटे उडवत वर चढू लागला आणि जिथे चढ सगळ्यात उभा आहे, सुनिल पडला होता त्याच जागी मी ओरडले, "बस!" त्याने दांडा ओढून खाचेत बसवला. रामनाथभाईंनी इंजिन बंद केलं.

दोर ताणला, करकरला. ओंडका हलला नाही. आम्ही वाट बघितली. तुषारने खोकून बघितलं, तरी हलला नाही.

"बेन, आता तरी घेतला?" रामनाथभाईंनी विचारलं.

"घेतला."

तुषार ओरडलाच. पण सुनिल दांडा सोडेना. खाच बसली होती, धरायची गरज नव्हती, तरी त्याची मूठ पांढरी पडली होती.

"सोड आता," मी हळूच म्हटलं. "धरलंय त्याने."

"थांब जरा," तो म्हणाला. तो ओंडक्याखालच्या जागेकडे बघत होता. "बघू दे. तिथं कोणीच नाय."