शंभूभाऊजींचे चार तास

रिहे गावच्या चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स दर महिन्याला बदलतात, पण सुनेचा फ्लेक्स गावाने पहिल्यांदाच पाहिला. बूट-टोपी घातलेली स्नेहल आणि खाली ठळक अक्षरांत, 'चार तासांत मॅरेथॉन!' हौस सासऱ्यांची, हैबतरावांची. आकडा मात्र धाकट्या दिराचा, शंभूचा.

शंभू गावातल्या पोरांना पोलीस भरतीसाठी पळवायचा. भरतीची शर्यत सोळाशे मीटरची, पहिल्या पावलापासून जीव तोडून पळायची, आणि शंभूला तेवढंच पळणं ठाऊक होतं. त्याने स्नेहललाही सोळाशे मीटर पळवलं, आलेली वेळ गुणत गुणत बेचाळीस किलोमीटरपर्यंत नेली, पाणी प्यायला वर पंधरा मिनिटं दिली आणि चार तास काढले. पेढे वाटायचे तेवढे राहिले.

कोणी म्हणेल, हिला तोंड नव्हतं का? होतं. पण लग्नानंतर पहिल्यांदाच घरातलं कोणी तिच्या पळण्यावर खूश होतं. ती भुलली.

शर्यतीला दीड महिना असताना ती एकटीच लांब पळायला निघाली, चार तासांच्या वेगाने. पौडच्या अलीकडे तिच्या पोटऱ्या आखडल्या, रस्त्याकडेला उलटी झाली आणि फोन केल्यावर नवऱ्याने, निरंजनने, तिला गाडीवर घालून घरी आणलं. सासूबाई धोंडाबाईंनी पायांना तेल चोळलं आणि चोळता चोळताच बजावलं, "ही एक शर्यत पळ. पर तितं अशी पडलीस, तर पुन्यांदा बूट घालायचं न्हाईत. सांगून ठेवते."

धोंडाबाई बोलल्या म्हणजे बोलल्या.  जांबे गावच्या बालवाडीतली नोकरी, घर, गोठा या सगळ्यात पहाटेचं पळणं तेवढं स्नेहलचं स्वतःचं होतं. पुढच्या वेळी ती बोलता येईल इतक्या सावकाश पळाली आणि स्वतःच्या पायांनी घरी आली. त्या चालीने मॅरेथॉनचा हिशेब निघाला सव्वापाच तास.

"सव्वापाच?" शंभूचा चेहरा उतरला. "तेवढ्यात म्हैस चालत जाईल, वहिनी! गावाला काय सांगू? माझी पोरं काय म्हंतील?"

"पण भाऊजी, चारमधी मी पडंन."

"मनावर घेतलं की समदं हुतंय," शंभू म्हणाला आणि उठून गेला.

शर्यत कासार आंबोलीहून मुळशी धरणापर्यंत आणि परत. सुरुवातीलाच सगळे सुसाट सुटले. स्नेहलने त्यांना जाऊ दिलं. पौडला रस्त्याकडेला टेम्पोभर गाव उभं होतं, पुढे घड्याळ घेऊन शंभू.

"वहिनी, मागं पडताय! उचला पाय!"

टेम्पोतली भरतीची पोरं ओरडू लागली. हैबतरावांनी तर तोंडच फिरवलं. लाजेने तिचे कान तापले आणि पाय आपोआप वेगात पडू लागले. पोटरीत कळ आली तशी ती भानावर आली. लाजेने पायांत बळ येत नाही, नुसती घाई येते. तिने दात आवळले आणि पुन्हा सावकाश झाली. मागून कोणीतरी हसलं.

धरणापाशी वळून ती परत पौडला आली तेव्हा ऊन चढलं होतं. पोटऱ्या आता दगड झाल्या होत्या. दर पावलाला वाटायचं, आता पडते. तेवढ्यात शंभू पँट-शर्टावर, चपला घालून रस्त्यावरच उतरला.

"चला, मी वढतो तुमाला!"

तो पुढे धावला. ती आपल्याच चालीने. तो चिडून मागे आला, पुन्हा पुढे धावला, पुन्हा मागे आला. शेवटी नाइलाजाने तिच्या बरोबरीने पळू लागला. थोड्याच वेळात त्याला धाप लागली. मग त्याने कुशीत हात दाबून धरला.

"वहिनी... थांबा जरा."

"थांबले तर पडंन, भाऊजी."

"अजून... किती हाय?"

"आठ किलोमीटर."

"आठ?" शंभू गुडघ्यांवर हात टेकून रस्त्यातच उभा राहिला. सगळ्या गावाला 'पळ, पळ' म्हणून ओरडणाऱ्या त्या गळ्यातून मागून हाक आली, "सावकाश जा, वहिनी! सावकाश!"

स्नेहलला रडू फुटलं. रडत रडतच ती पळत राहिली, आणि पाच तास बारा मिनिटांनी, स्वतःच्या पायांवर, तिने शर्यत संपवली.

वाटेत शंभूला घेऊन टेम्पो तिथे येऊन थांबला होता. हैबतराव उतरले. "चारचं काय झालं?" सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं. स्नेहलने मान खाली घातली.

शंभू पुढे आला.

"चार तास माझं व्हतं, आबा. माझाच हिशेब चुकला. वहिनी बराबर पळल्यात."

 मग शंभू टेम्पोतल्या आपल्या पोरांकडे वळला आणि तेच पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.