कापसावरची काजळी

श्रीधरसरांनी अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस शाळिग्रामावरून फिरवला आणि बोळा उजेडात धरला. काळाकुट्ट.

“रंग सुटतोय,” ते म्हणाले. मग त्यांनी भिंगातून चक्राच्या खाचांत पाहिलं. आत पांढरट ओरखडे होते, अगदी परवा-तेरवाचे. “आणि हे चक्र कुणीतरी टोकदार हत्यारानं कोरलंय. बनावट आहे, आमोद.”

आमोद त्यांचा जुना विद्यार्थी. मुंबईत राहून जीवाश्म जमवायचा. समुद्रातला गोगलगायीसारखा प्राणी कोट्यवधी वर्षांत दगड होतो आणि आपण त्याला देव्हाऱ्यात बसवतो, हे सरांनीच त्याला अकरावीत सांगितलं होतं. त्यानं घड्याळ पाहिलं, सरांच्या पाया पडला आणि वीर स्टेशनला गाडी गाठायला रिक्षात बसला.

खुर्चीच्या कडेवर गोमाजी बसून होता. मूळचा कुडपणचा, आता पोलादपूरजवळच्या वाडीत राहणारा. त्याच्या पणजोबाला हा शाळिग्राम एका गोसाव्यानं दिलेला. मुलगी सेजल सरांच्याच वर्गातून बारावी झाली, पनवेलला नर्सिंगला तिचा नंबर लागला, आणि फीसाठी शाळिग्राम विकायला आमोदचं गिऱ्हाईक सरांनीच सुचवलं. गोमाजीची बायको आवडी आधी तयार नव्हती. देवाला फुलं लावून कौल मागितला, उजवं फूल पडलं, तेव्हा कुठे तिनं देव घराबाहेर जाऊ दिला.

“मंग सर, आमी इतकी वर्सं...” गोमाजी थांबला. त्यानं दगड पंच्यात गुंडाळला. “तुमी सांगितलात म्हंजे तसंच आसंल.”

संध्याकाळी टेबल आवरताना सरांच्या पत्नी चारुशीलाबाईंनी तो बोळा उचलून नाकाशी नेला.

“अहो, हा कसला रंग? तूप आहे हे. तूप आणि समईची काजळी. आपल्या बाळकृष्णाचं दर दिवाळीला मी काय घासून काढते मग?”

“आणि खाचांतले ओरखडे?”

“पाहुणे बघायला येणार म्हणून गोमाजीच्या बायकोनं सुईनं मळ काढला असेल, दुसरं काय!”

‘आधी नीट बघा, वास घ्या, मग बोला,’ असं तीस वर्षं पोरांना बजावलं आणि आमोदसमोर शहाणपणा मिरवायच्या घाईत स्वतः मात्र साधा वासही घेतला नाही. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. लाज वाटली म्हणूनच लगेच जाववेना. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्यांनी एसटीडी बूथवरून आमोदला फोन करून सगळं कबूल केलं. रविवारी येतो, म्हणाला तो. सरांनी तशीच पोलादपूरची एसटी पकडली.

गोमाजी ओटीवरच होता.

“सेजल कामाला लागली, सर. एमायडीशीत, प्याकिंगला. चार दिस झाले.”

“तिला काम सोडायला सांग. फी भरायला सोमवारपर्यंत मुदत आहे.” सर बसलेसुद्धा नाहीत. “गोमाजी, माझी चूक झाली. मी नीट पाहिलंच नाही. तुमचा देव खरा आहे. आमोद रविवारी येतोय न्यायला.”

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. सरांनी वळून पाहिलं. देव्हाऱ्यातली मधली जागा रिकामी होती. स्वयंपाकघराच्या दाराशी लोणच्याची बरणी होती आणि तिचं झाकण उडू नये म्हणून त्यावर शाळिग्राम ठेवलेला होता.

आवडीनं हात पदराला पुसले आणि तो दोन्ही हातांनी उचलला. ताम्हनात ठेवून पाणी घातलं. खाचेत तिखट अडकलं होतं, ते ती बोटानं काढत राहिली.

“आठ दिस तुज्यावर पानी नाय घातला रे बाबा,” ती रडायला लागली. मग सरांकडे न बघता म्हणाली, “तुमी खोटा म्हनलात म्हनून याला लोनच्यावर ठेवला मी.”

“आवडे,” गोमाजी हळूच म्हणाला, “रविवारी तो मानूस...”

“तवा देवानं कौल दिलान. आता कुठल्या तोंडानं मागू? असा इटाळून बाहेर घालवू त्याला?”

गोमाजीनं बायकोकडे पाहिलं. पोरीच्या फीचं काय, हे त्याच्या ओठांवर आलेलं सरांना दिसलं. तो बोलला मात्र वेगळंच.

“सर, मुंबयवाल्याला येऊ नको म्हनून सांगा.”

“अरे, पण सेजलचं...”

बाहेर चपला वाजल्या. गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेली सेजल आत आली. अंगाला औषधांचा उग्र वास येत होता. तिनं ताम्हनाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग सरांकडे.

“खरा निघाला?” तिनं विचारलं.

सरांनी होकारार्थी मान हलवली. तिच्याकडे बघणं त्यांना जमलं नाही.

“बरं झालं,” ती म्हणाली. “चहा टाकते, सर. बसा ना.” चुलीकडे जाताना ती आईपाशी वाकली. “आये, उद्या पयली पाळी हाय माजी. चारला उठव गो.”