फानाच्या दारापाशी

नाब्राचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. पण दुपारच्या नमाजानंतर ती रोज तिथे जाऊन यायची. सरकारने दिलेल्या सिमेंटच्या घरापुढे, खाटेवर बसून. सोबतीला शेजारची फाना. दोघी होडीच्या धक्क्यावर उतरायच्या आणि एकेका घराचं नाव घेत चढण चढायच्या. हे सालेह सुताराचं, दारावर निळी बशी जडवलेली. हे शाया सुईणीचं, पायरी मोडकी. अशी तेवीस घरं, त्यांतलं शेवटचं नाब्राचं.

त्यांच्या गावात कुणाच्या दारावरून मुकाट पुढे जाणं म्हणजे भांडण उकरून काढणं. घरातून ‘या, चहा ठेवलाय’ अशी हाक यायची, आपण ‘पुढच्या खेपेला’ म्हणायचं, मगच पाय उचलायचा. गेलेल्या माणसांच्या हाका दोघींनी वाटून घेतल्या होत्या. सोळावं घर फानाचं. तिथे ती स्वतःच ओरडायची, “अगं ए, नाक वर करून चालणारे! चहा काय तुझ्या बापाने ठेवायचा?” नाब्राला हसून हसून खोकला लागायचा.

रमजानच्या आधी फाना गेली. तिचा चाळिसावा दिवसही झाला. नाब्रा आता एकटीच निघायची. पंधरा घरांच्या हाका तिने कशाबशा दिल्या, पण सोळाव्या दाराशी पाय अडायचा. फानाची हाक आपल्या तोंडून काढणं तिच्याच्याने होईना. काढली असती तर फाना खरंच मेली असती. आणि हाकेवाचून पुढे जायचं कसं? स्वतःचं घर सात दारांवर, आणि पोचता येत नाही. असं एकटेपण तिला विस्थापनातही लागलं नव्हतं. तिचं अन्न तुटलं. ताटातली काबेदची पातळ भाकरी तशीच वाळून जायची.

सून हमीदा नुबी नव्हे, दूरच्या केना शहराकडची. नवरा कुवेतला, ही सासूपाशी. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने तिला बजावलं होतं, “त्यांना जुनं काढू देऊ नका, मन खचतं.” शिकलेला होता बिचारा, पण ज्याचं गाव बुडालेलं नाही तो असंच बोलणार.

“आई, खाट कालव्याकडे फिरवते,” हमीदा म्हणाली. “वारा तरी लागेल.”

“नदीकडेच असू दे.”

“नदी कुठली? समोर कोंबड्यांच्या खुराड्याची भिंत आहे!”

“दारासमोर असते ती नदी,” नाब्रा म्हणाली. गावात सगळी दारं नदीकडेच उघडायची. हमीदाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी ‘नदीकडचा माठ आण’ म्हटलं की ती कालव्याच्या बाजूला धावायची.

मग थोड्या वेळाने नाब्रा हळूच म्हणाली, “उद्यापासून खाट आतच असू दे, पोरी. मला कुठे जायचं नाही.”

डॉक्टरला हेच हवं होतं. हमीदाला मात्र नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच खाट बाहेर ओढली, तोंड भिंतीकडे केलं आणि सासूला दंडाला धरून बसवलं. “चला, उतरा धक्क्यावर.”

“आता तू कशाला खुळ्यासारखं करतेस?”

“उतरा म्हणते ना!”

नाब्रा पुटपुटत निघाली. सालेह झाला, शाया झाली. पंधरावं घर झालं आणि ती सोळाव्या दाराशी अडली. डोळे भिंतीवर, हात मांडीत. हमीदा स्वयंपाकघरात उभी होती. खिडकीतून तिने अकरा वर्षं हेच ऐकलं होतं. सासूच्या नुबी भाषेतली तिला धड चार वाक्यं येत नव्हती. येत होतं ते हे एकच.

“अगं ए, नाक वर करून चालणारे! चहा काय तुझ्या बापाने ठेवायचा?”

उच्चार सगळे केनाचे. आपण सासूला काय म्हणालो हे लक्षात येऊन हमीदाने जीभ चावली.

नाब्रा रडली. फाना गेली त्या दिवशी रडली नव्हती, तेवढं सगळं आज रडली. मग ओढणीने नाक पुसलं.

“पुढच्या खेपेला गं, फाना,” ती म्हणाली, आणि पुढे निघाली. सतरा, अठरा, एकोणीस. आवाज चढत गेला. तेविसाव्या दाराशी ती थांबली आणि स्वयंपाकघराकडे वळली.

“हमीदा! ये गं. चहा ठेवलाय.”

हमीदा हातातला डाव घेऊनच बाहेर आली. “कुठून येऊ?”

“नदीकडून.”

हमीदा खुराड्याच्या भिंतीपर्यंत चालत गेली, आणि तिथून वळून दारात आली.