डोळे लिहायचे राहिलेत

आप्पाजींनी तिसऱ्या चित्राभोवतीचं जुनं लुगडं सोडलं आणि चर्चचे पंच पुढे सरकले. पहिल्या चित्रात येशू मेंढरं राखत होता, दुसऱ्यात होडीत उभा होता, तिसऱ्यात गुडघे टेकून शिष्याचे पाय धूत होता. रंग असे की बघतच राहावं. पण तिन्ही चेहऱ्यांना डोळे नव्हते. भुवयांखाली नुसती कोरी जागा.

"हे काय?" दामोदर शिरसाठ म्हणाले. "आंधळा प्रभू?"

कानडी मुलखातल्या यशवंतपूरचं हे चर्च लहानसं, पांढऱ्या भिंतींचं. नगरकडून कारखान्यांत नोकरीला आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी सहा वर्षांपूर्वी, बावन्न साली, ते उभारलं. भिंतीवर साध्या क्रुसाखेरीज काही लावायचं नाही, हा दामोदररावांचा आग्रह. पंचांत ते सगळ्यांत जुने, आणि त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. पाळक चंद्रकांत मकासरेसुद्धा त्यांच्यापुढे जरा जपूनच बोलत.

आप्पाजी तर ख्रिस्तीही नव्हते. चिकपेटेतले पिढीजात चितारी, देवादिकांच्या तसबिरी रंगवण्यात जन्म गेलेला. गेल्या वर्षी त्यांची बायको सोयराबाई दीड महिना मिशनच्या दवाखान्यात होती. याच चर्चमधली नर्स सुलभा ड्यूटी संपली तरी तिच्या उशाशी बसे आणि मराठीतून येशूच्या गोष्टी सांगे. सोयराबाई गेली ती सुलभाचा हात धरून. तेव्हापासून म्हातारा त्याच गोष्टी या चर्चसाठी रंगवत बसला होता. चित्रं परत न्यावी लागली तर तो मनातून मोडेल, हे सुलभाला पक्कं ठाऊक होतं. ती त्यांच्या शेजारीच उभी होती.

"डोळे शेवटी लिहायचे, अण्णा," आप्पाजी म्हणाले. "चित्र जागेवर बसलं की मग. आमच्यात तसंच आहे."

"म्हणजे प्राणप्रतिष्ठाच की. ते इथं नाही चालायचं. आज डोळे उघडाल, उद्या लोक हार घालतील, परवा पाया पडतील. तुमचा मान राखून सांगतो, आप्पाजी, घेऊन जा."

"काका, वर्षभर खपलेत ते," सुलभा म्हणाली.

"दिसतंय मला. म्हणून काय रीत मोडायची?"

आप्पाजी वाद घालणाऱ्यातले नव्हेत. "सरी, बरं," एवढंच म्हणून त्यांनी लुगडं उचललं. त्यांना गाठ काही मारता येईना. पाळकांना लाज वाटली, आणि काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "घरीच नसते का काढता आले डोळे?"

"कसे काढणार? समोर कोण बसतंय ते कळायला नको? आमचा राम येणाऱ्याकडं बघतो. तुमच्यात तसं नको असलं तर कुठं बघायचं ते तुम्ही सांगा, माझा हट्ट नाही." ते दामोदररावांकडे वळले. "आणि ह्या पाय धुणाऱ्याचं तर सोपं आहे. तो खालीच बघणार, समोरच्याच्या पायांकडं. जो आपणच पाया पडलाय, त्याच्या पाया कोण पडणार, अण्णा?"

दामोदरराव चित्राजवळ गेले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. शिष्याच्या टाचेला भेगा होत्या, नखांत माती होती. ते बराच वेळ तिथंच बघत राहिले.

"खाली म्हणजे अगदी खाली?"

"पापण्याच दिसतील. बुबुळ स्वल्प."

"मग हे दाराशी लावा. चपला काढतात त्या भिंतीवर. बाकी दोन्हींचं पुढच्या बैठकीत बघू, आणि माझी हरकत अजून गेलेली नाही, लिहून ठेवा."

सुलभाने हसतहसत पदराने डोळे टिपले. पाळकांनी स्वतः खिळा ठोकला, तोही जरा उंचच. चित्र टांगलं, पण डोळ्यांपर्यंत आप्पाजींचा हात पोचेना, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. ते एका पायाने लंगडं निघालं. आप्पाजी वर चढले, ब्रशचं टोक ओठांत ओलं केलं, आणि स्टूल डुगडुगलं.

"थांबा," दामोदरराव म्हणाले.

इस्त्रीच्या पँटीनिशी ते खाली फरशीवर गुडघे टेकून बसले. एका हाताने त्यांनी स्टूल धरलं, दुसऱ्याने म्हाताऱ्याचं पाऊल.

"हं, लिहा आता," ते म्हणाले. "सावकाश."