मुरू न दिलेली फिल्म

ड्रेस्डेनजवळच्या रानातल्या त्या प्रयोगशाळेत तीन आठवडे सगळे लेझरची मनधरणी करत होते. गुरुवारी तो एकदाचा ताळ्यावर आला. धातूच्या तलम वर्खावर त्याचा झटका बसला की प्रोटॉनचा झोत सुटे. तोच कर्करोगाच्या गाठीवर सोडायचा. गाठी सध्या उंदरांच्या. त्या आज, शुक्रवारी, हव्या तेवढ्याच वाढल्या होत्या, सोमवारी हाताबाहेर गेल्या असत्या.

डोस मोजायचं काम गेझिनेचं. झोताखाली ठेवलेली फिल्म डोस जास्त तितकी काळवंडते, आणि नंतरही दिवसभर काळवंडतच राहते. म्हणून ती मुरू द्यायची, दुसऱ्या दिवशीच वाचायची, हा तिथला नेम.

दोन उंदरांचं झाल्यावर तिने कालच्या चाचणीची फिल्म पुन्हा वाचायच्या यंत्रात घातली. आकडा वाढला होता. काल बहिणीला इस्पितळातून आणायचं होतं, म्हणून तिने ती दहा मिनिटांतच वाचली होती. फिकी दिसली, तेव्हा झटके वाढवायला तिनेच सांगितलं होतं.

"तिसरा आणू?" लेझर चालवणाऱ्या फाल्कने विचारलं.

"थांब. माझं चुकलंय. दोघांना डोस जास्त गेलाय."

त्याने सगळं ऐकून घेतलं. "तीन आठवडे मी या लेझरचे पाय धरतोय, आणि तुला आजच मुहूर्त मिळाला?" मग आवाज उतरवून म्हणाला, "थोडाच फरक आहे. कुणाला कळायचं नाही गं."

"याच आकड्यांवरून पुढे कुणीतरी माणसाचा डोस ठरवेल, फाल्क."

त्याने पडद्यावर झटक्यांचे आकडे उघडले. "पोलबाईंना तू सांग. मी झटके कमी करतो."

प्रमुख असलेल्या डॉ. पोल रागावल्या नाहीत, तेच गेझिनेला जड गेलं. "ते दोन बाद. उरलेले आठ आज उरकू. त्या दोघांच्या जागी नवी तुकडी वाढवायची, म्हणजे तीन महिने गेले," त्या म्हणाल्या. दारातून वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही काही खाल्लंत का?"

संध्याकाळी घरी तिची बहीण इर्मट्राउट खिडकीशी बसली होती. तिच्या मेंदूत गाठ होती. उपचार शहरातल्या इस्पितळात, प्रोटॉनच्या जुन्या, घराएवढ्या यंत्रावर चालू होते. गेझिनेचं लेझरचं यंत्र आपल्या उपचारांना वेळेत यायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती रोज विचारायची.

"झालं का गं?"

"आठांचं झालं. दोघांचं राहिलं. काल मी घाई केली."

"मला न्यायला यायचं म्हणून?"

गेझिने खाली वाकून बूट काढत राहिली.

"फोड खापर माझ्या डोक्यावर. तिथे एक बिनभाड्याचा राहतोच आहे," इर्मट्राउट हसली. मग तिने गेझिनेचा हात धरला. "सोमवारपासून मी टॅक्सीने येईन."

"एकटी?"

"एकटी. तू तुझं काम नीट संपवून ये. सूप मी गरम ठेवते."

गेझिनेने मान हलवली, आणि हात तसाच राहू दिला.