दोन ओमचा लोड

जुना ॲम्प्लिफायर विकायला काढला की आधी त्यावर फडकं मारावं, एवढी साधी रीत लोकांत उरलेली नाही. या महिन्यात मी बंगळूरभर आठ ॲम्प पाहिले आणि त्यांतल्या सात ठिकाणी हात धुवायला पाणी मागावं लागलं. एका घरी तर साबणही नव्हता.

माझे स्पीकर माणसाच्या उंचीचे आहेत आणि करंट खायला महाहावरे. कागदावर ते चार ओमचे. पण खर्जातला सूर आला की दोनच्याही खाली घसरतात, म्हणजे ॲम्पने एकदम दुप्पट करंट पुरवायचा. हलक्या स्पीकरवर कुठलाही ॲम्प गातो. माझ्या स्पीकरांवर त्याला भरलेली लॉरी चढावर ओढावी लागते. माझा आधीचा ॲम्प दिवाळीत धूर सोडून गेला, तेव्हापासून ते दोघे हॉलमध्ये मुके उभे होते. माझा थोरला भाऊ गिरीराज टीव्हीकडे जाताना रोज त्यांना वळसा घालायचा आणि सुस्कारा टाकायचा. एका भांडणात मीच तावातावाने बोलून बसले, "गुढीपाडव्यापर्यंत वाजले नाहीत तर विकून टाकते, झालं?" त्याने लगेच कॅलेंडरवर खूण केली. नव्या ॲम्पला लाखांत किंमत, माझ्याकडे होते चाळीस हजार, आणि आता पाडव्याआधीचा हा शेवटचा रविवार होता.

मी पीण्या इंडस्ट्रियल एरियात, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. बावीस वर्षं झाली. कुणाच्या गोड बोलण्यावर मी आजवर एकही नग पास केलेला नाही. त्यामुळे पिशवीत मीटर आणि दोन ओमचा लोड घेऊन फिरते. लोड म्हणजे चिनीमातीच्या नळीवर गुंडाळलेली जाड तार. स्पीकरच्या जागी ती जोडायची, फोनवरून एकच सूर सोडायचा आणि दहा मिनिटं वाट बघायची. लबाड ॲम्प तेवढ्यात गुन्हा कबूल करतो.

सोबत अण्णाला, म्हणजे गिरीराजला नेत होते. ॲम्प चाळीस किलोचा असतो, उचलायला माणूस हवा, असं मी घरी सांगितलं होतं. अण्णाच्या कमरेला पट्टा आहे आणि तो वाकून दुधाची पिशवीही उचलत नाही. तरी घरात कुणी काही विचारलं नाही.

त्या रविवारी सकाळी आधी एचएसआर लेआउटमधल्या क्षितिजकडे गेलो. पुण्याचा पोरगा, कुठल्याशा स्टार्टअपमध्ये मोठ्या हुद्द्यावर. दार उघडल्या उघडल्या त्याने अण्णाचा हात हातात घेतला.

"बसा ना सर. तुम्ही काय ऐकता?"

"बातम्या," अण्णा म्हणाला.

"ग्रेट! याचा साउंड एकदम वॉर्म आहे सर. लिटरली बटर."

मी लोड बाहेर काढला. "हा जोडून दहा मिनिटं चालवू या."

क्षितिज हसला, तेही अण्णाकडे बघून. "काकूंना सांगा ना सर, ऑडिओमध्ये असं नसतं करत. कानांनी ऐकायचं असतं."

मी ॲम्पच्या जाळीला नाक लावलं. चमेलीचा फवारा मारला होता त्याने, आणि चमेलीच्या आड जळक्या वार्निशचा वास, म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर जळलेला. शी! मढ्याला अत्तर लावून बाजारात बसवायचं, वर कानांचं महत्त्व मला शिकवायचं. मी पिशवी उचलली. क्षितिज अण्णालाच म्हणाला, "थिंक अबाउट इट सर."

तिथून विजयनगरला नागराजकडे. हा कल्याणमंटपांत, म्हणजे लग्नाच्या हॉलांत, साउंड लावायचा. "सार्, थाउजंड वॉट!" त्याने अण्णाला सांगितलं. मी झाकण उघडायला लावलं. आत झुरळांच्या लेंड्यांचा थर होता, कपॅसिटरांच्या मधोमध एक वाळलेली पाल चिकटलेली होती, आणि कोपऱ्यात चक्क गुटख्याची लाल पिंक. यंत्राच्या पोटात माणूस थुंकतो कसा? कुठल्या आईने वाढवलं असेल याला?

"स्वल्प क्लीन माडिद्रे सरी होगत्ते, सार्," नागराज अण्णाला म्हणाला. थोडं साफ केलं की झालं! मी कन्नडमध्ये चार प्रश्न विचारले, माझी कन्नड त्याच्यापेक्षा चांगली आहे. चारही उत्तरं त्याने अण्णाला दिली. अण्णा मान डोलवत होता, जसं काही सगळं कळतंय. लोड जोडला तर तिसऱ्याच मिनिटाला डावी बाजू मेली. या माणसांना मी दिसतच नव्हते. डोक्यावर पदर घेऊन यायला हवं होतं का आता?

उरलं मारतहळ्ळी. तिथल्या जाहिरातीत बढाई नव्हती. चौदा वर्षांचा जपानी ॲम्प, मोठे कपॅसिटर बदललेले, किंमत अडतीस हजार. मी मेसेजवर विचारलं होतं, "सर, दोन ओमला टिकेल का?" उत्तर आलं होतं, "टिकतो. तुमच्यासमोर लावून दाखवते, लोड घेऊन या." मी ते घाईत वाचलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

दार एका माझ्याच वयाच्या बाईने उघडलं. म्हणाली, "मी सुचेता. या ना ताई, बसा." बोलण्यात नागपूर होतं. हॉलमध्ये टेबलावर पांढरं कापड, त्यावर झाकण काढलेला ॲम्प, आत धुळीचा कण नाही. तारा एकसारख्या बांधलेल्या. मी वाकून बघितलं आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले. असं स्वच्छ काम मी आमच्या कारखान्यातही फारसं बघितलेलं नाही.

मग मी मान वर करून विचारलं, "साहेब आहेत ना घरी? त्यांच्याशी जरा बोलायचं होतं, याच्याबद्दल."

सुचेता आत वळून म्हणाली, "पद्माकर, बाहेर ये. ताईंना ॲम्पबद्दल विचारायचंय तुला."

कणकेने माखलेले हात घेऊन एक गृहस्थ बाहेर आले. "मला? मला तो चालू कुठून होतो तेही माहीत नाही."

"विचारा ना ताई," सुचेता म्हणाली. "ट्रान्झिस्टरांना बायस करंट किती ठेवलाय ते विचारा."

"नाही, म्हणजे मला तसं नव्हतं..." माझी कानशिलं तापली. अण्णा खिडकीबाहेर बघू लागला.

"सकाळपासून तापवून ठेवलाय मी याला. तुम्ही दोन ओम म्हणाला होतात, म्हणून काल रात्री लावूनही बघितला." तिने टेबलावरचा आकडे लिहिलेला कागद उचलला, दोनदा दुमडला आणि ॲम्प बंद केला. "तुम्हाला नाही द्यायचा मला."

मी किंमत वाढवायला निघाले होते, पण मग पिशवी उचलली. महिनाभर ज्या पुरुषांच्या नावाने बोटं मोडली, त्यांच्याच पंगतीला जाऊन बसले होते मी. कमरेला पट्टा बांधलेल्या भावाला गावभर कशासाठी फिरवत होते? सर म्हणवून घ्यायला एक पुरुष हवा होता मला, उचलायला नव्हे. मला माझीच शिसारी आली.

पद्माकर हात पुसत आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आले. त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं. "भंगारातून आणला होता तिने तो," ते हळूच म्हणाले. "तीन महिने बसली होती त्याच्यापुढे."

"मीसुद्धा टेस्टिंगलाच आहे हो," मी म्हणाले. "बावीस वर्षं. मला कळलं सगळं, काय काम केलंय ते."

"मग हे तुम्ही तिला सांगायला हवं होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.